शितावरून भाताची परीक्षा

वेद प्रमाण का मानावा, या प्रश्नाला मीमांसक जे उत्तर देतात ते सर्वांच्या परिचयाचे आहे: वेद अपौरुषेय आहे, त्याला कर्ताच नाही, आणि कर्ता नसल्यामुळे कर्त्याच्या अज्ञानाचा किंवा लबाडीचा दोष त्याला लागण्याचा संभव नाही. न्यायसूत्रकार गौतमाने मात्र ही वाट सोडून निराळीच वाट धरली. मंत्र आणि आयुर्वेद ज्या कारणाने प्रमाण ठरतात त्याच कारणाने वेदही प्रमाण ठरतो, कारण तिन्हींच्या पाठीशी आप्त पुरुषाची साक्ष उभी आहे, असे तो म्हणतो. आणि भाष्यकार वात्स्यायन त्याचा आशय उलगडून सांगतो की, आयुर्वेदाने जे करावे म्हणून सांगितले ते केले असता सांगितलेले फळ मिळते, आणि ज्यांनी आयुर्वेद सांगितला त्यांनीच वेदार्थही पाहिला व सांगितला, तेव्हा ज्या वचनांचे फळ या डोळ्यांना दिसते त्यांवरून ज्यांचे फळ दिसत नाही त्यांचीही खातरजमा करून घ्यावी. शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण घरोघरी म्हणतो, त्याहून हा युक्तिवाद फारसा निराळा नाही.

या युक्तिवादात जितके चातुर्य आहे तितकेच धाडसही आहे. स्वर्ग, अदृष्ट आणि अपवर्ग यांच्यासारख्या अगोचर गोष्टींना येथे एक मुळी, एक साल किंवा मूठभर पाला जामीन राहिला आहे. आणि जामीन पुढे केला म्हणजे त्याची पत पाहण्याचा समोरच्याचा हक्कही मान्य करावा लागतो. आजकाल वनस्पतींतील द्रव्ये वेगळी काढून ती रोगकारक परोपजीवींवर तपासण्याचा उद्योग जगभर चालू आहे, आणि त्याविषयी आपल्याकडे दोन प्रकारची माणसे हटकून बोलताना आढळतात. ऋषींच्या वचनाला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरजच काय, असे एकजण विचारतो. जुन्या पोथ्या एकदाच्या रद्दीत घाला, असे दुसरा बजावतो. पहिल्याला आपण श्रद्धेचे रक्षण करीत आहो असे वाटते आणि दुसऱ्याला बुद्धीचे. परंतु औषधाविषयीचे वचन नेमक्या कोणत्या जातीचे वचन आहे, हा आपल्याच शास्त्रकारांनी उपस्थित केलेला प्रश्न दोघांनीही विचारात घेतलेला नसतो. गौतमाने शब्दप्रमाणाचे दृष्टार्थ आणि अदृष्टार्थ असे दोन भेद केले आहेत, आणि भेषजाचे वचन निःसंशय पहिल्या भेदात मोडते. त्याला परीक्षेतून सूट मागणे ही भक्ती नव्हे, तर त्याची जात बदलणे आहे, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

उदाहरण म्हणून हिवताप घेऊ. कारण परीक्षेवाचून माणसाची दिशाभूल कशी होते, हे या रोगाइतके दुसऱ्या कोणत्याही रोगाने शिकविलेले नाही. आपल्या वैद्यांनी विषमज्वराचे अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक असे भेद त्याच्या येण्याजाण्याच्या नेमावरून केले आहेत, आणि हे निरीक्षण इतके अचूक आहे की आजच्या डॉक्टरालाही त्यातली लय ओळखता येते. थंडी वाजून हुडहुडी भरते, अंग तव्यासारखे तापते, मग दरदरून घाम सुटतो आणि ताप उतरतो. मधला दिवस रोगी उठून बसतो, पेज मागतो, कामाचीही भाषा करतो. या मधल्या दिवसाच्या आदल्या रात्री ज्याने जे केले असेल त्याला यशाचा वाटा मिळतो. कोणी ताईत बांधलेला असतो, कोणी अंगारा लावलेला असतो, कोणी ग्रामदेवतेला नवस बोललेला असतो, आणि कोणी एखाद्या झाडाच्या सालीचा काढा पाजलेला असतो. शिवाय जो पुष्कळ वर्षे हिवतापाच्या मुलखात राहून वाचला, त्याच्या शरीराला रोगाशी थोडेफार जमवून घेता येते, आणि त्याचा ताप औषधावाचूनही हटतो. कावळा बसावयास आणि ताडाचे फळ पडावयास एक गाठ पडावी, याला नैयायिक काकतालीय म्हणतात; तृतीयक ज्वरात हा कावळा दर दोन दिवसांनी येऊन बसतो.

या फसवणुकीतून सुटका झाली ती ज्वराकडे पाहण्याऐवजी ज्वराच्या कारणाकडे पाहता येऊ लागल्यामुळे. १८८० साली अल्जीरियात कॉन्स्टन्टीन येथे फ्रेंच सैन्यातील डॉक्टर लाव्हराँ याने रोग्याच्या रक्तात हा परोपजीवी प्रथम पाहिला, आणि १८९७ साली रोनाल्ड रॉस याने सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत त्याचा माग काढला. तेव्हापासून ‘रोग्याला बरे वाटले काय?’ या प्रश्नाच्या जोडीला अधिक कठोर असा दुसरा प्रश्न विचारता येऊ लागला. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरावा, तो रंगवावा, सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी मोजाव्या, त्यांपैकी कितींत जंतू आहेत याची नोंद करावी, आणि ज्याला औषध दिले त्याच्या शेजारी औषध न दिलेला प्राणी ठेवून दोघांच्या नोंदींची रुजवात घालावी. औषध असता जंतू नाहीसे होतात आणि औषध नसता ते वाढतात, हे दोन्ही दिसल्यावाचून निर्णय द्यावयाचा नाही, ही पद्धत आपल्या तर्कशास्त्राला परकी नाही. अन्वय आणि व्यतिरेक म्हणून आपण जे पढतो तेच येथे काचेवर मांडलेले असते.

यावर सुश्रुताचे एक वचन आडवे घातले जाण्याचा संभव आहे. औषधींचे गुण स्वभावसिद्ध आहेत, त्यांचा ऊहापोह करू नये, आगमात सांगितले तसा त्यांचा उपयोग करावा, असे त्याने सूत्रस्थानात म्हटले आहे. वरवर पाहता परीक्षेला याहून सक्त मनाई कोणती असावयाची? पण त्याच ठिकाणी त्याने जे कारण दिले आहे ते वाचले म्हणजे सारा रंग पालटतो. हजार हेतू पुढे केले तरी अंबष्ठादि गणातील औषधांनी रेच होणार नाही, असे तो म्हणतो, आणि ज्यांच्यावर तर्क चालवू नये त्या औषधी कोणत्या, तर ज्यांचे फळ प्रत्यक्ष दिसते त्या. म्हणजे सुश्रुताचा राग ओसरीवर बसून केलेल्या वितंडवादावर आहे. द्रव्य रोग्याला देऊन काय होते ते पाहणाऱ्यावर नाही. शेकडो श्रुतींनी अग्नी थंड आहे असे सांगितले तरी ते प्रमाण होणार नाही, असे गीताभाष्याच्या अखेरीस शंकराचार्यांनी म्हटले आहे, त्याचाही रोख हाच. जेथे प्रत्यक्षाचा अंमल चालतो तेथे शब्दाने आपली हुकमत गाजवू नये, ही शिस्त आपल्या परंपरेला बाहेरून कोणी लावलेली नाही.

आता एक शीत खरोखरच दाबून पाहिले तेव्हा काय झाले, ते पाहू. हे शीत आपल्या भांड्यातले नाही, चीनचे आहे. व्हिएतनामच्या युद्धात हिवतापाने सैनिक हैराण झाले, क्लोरोक्वीन ठिकठिकाणी निकामी ठरू लागले, तेव्हा १९६७ च्या मे महिन्याच्या २३ तारखेला चिनी सरकारने एक गुप्त मोहीम उघडली आणि त्या तारखेवरूनच तिला ५२३ हे नाव पडले. बीजिंगच्या पारंपरिक औषधशास्त्राच्या संस्थेतील यूयू तू या संशोधिकेकडे जुन्या ग्रंथांच्या धांडोळ्याचे काम आले. तिच्या गटाने सुमारे २,००० उपचारांची टिपणे जमविली, त्यांतून ६४० निवडली, आणि सुमारे २०० वनस्पतींपासून ३८० हून अधिक अर्क काढून ते हिवतापाने पछाडलेल्या उंदरांवर तपासले. चिंगहाओ नावाच्या एका रानवट वनस्पतीने प्रथम आशा दाखविली, जंतूंची वाढ ६८ टक्क्यांपर्यंत रोखली. पण प्रयोग पुन्हा केला तेव्हा आकडा घसरून १२ ते ४० टक्क्यांवर आला. घाईच्या माणसाने येथेच फैसला लिहून दफ्तर बांधले असते.

या बाईंनी तसे न करता ग्रंथ पुन्हा उघडले. चौथ्या शतकातील गे होंग याच्या तातडीच्या उपचारांच्या पोथीत एक कृती होती: मूठभर चिंगहाओ दोन शंग पाण्यात भिजत घालावा, पिळून रस काढावा आणि तो सगळा पिऊन टाकावा. इतर औषधांचे काढे होतात. येथे विस्तवाचे नावही नाही. उष्णतेनेच गुण जात असेल काय, या शंकेसरशी त्यांनी पाण्याऐवजी ३५ अंशांच्या आसपास उकळणारे ईथर घेतले, निघालेल्या अर्कातला विषारी असा आम्ल भाग वेगळा करून टाकून दिला, उदासीन भाग राखला, आणि १९७१ च्या ऑक्टोबर महिन्याच्या चौथ्या तारखेस १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांच्या रक्तातील जंतूंचा पूर्ण नायनाट केल्याचे आढळले. पुढे माकडांवरही तोच अनुभव आला. आणि १९७२ साली रोग्यांना देण्यापूर्वी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेऊन पाहिला. त्यातून निघालेले आर्टेमिसिनिन आज जगभर हिवतापाच्या उपचाराचा आधार आहे, आणि त्यासाठी २०१५ चे नोबेल पारितोषिक यूयू तू यांना मिळाले. ते काम कसे करते, हेही कळले आहे: त्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक सेतू आहे, परोपजीवी तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन खातो तेव्हा त्यातले लोहयुक्त हीम मोकळे होते, त्या लोहाच्या स्पर्शाने सेतू तुटतो, आणि तुटलेले तुकडे परोपजीवीच्याच प्रथिनांवर तुटून पडतात. जंतूचे अन्नच त्याचा घात करते.

या हकिकतीतला तत्त्वज्ञानाचा भाग पहिल्या अपयशाचा अर्थ कसा लावला गेला यात आहे. न्यायसूत्रांत पूर्वपक्षी विचारतो की, पुत्रकामेष्टी केली तरी पुत्र होत नाही, मग वेद खोटा का म्हणू नये? गौतम उत्तर देतो की, दोष वचनात नसून कर्मात, कर्त्यात किंवा साधनात असू शकतो. हे उत्तर ऐकून आधुनिक वाचक हसतो. पण बीजिंगच्या प्रयोगशाळेतही पहिल्या अपयशानंतर नेमके हेच उत्तर दिले गेले, आणि ते खरे ठरले! दोष साधनाचा होता, वचनाचा नव्हता. मग दोन उत्तरांत भेद कोणता? भेद असा की, ईथरचा प्रयोग करताना ‘साधन सुधारूनही गुण आला नाही तर वचन टाकून देऊ’ ही अट मनोमन मान्य केलेली होती, म्हणजे वैगुण्याची सबब स्वतःच पुन्हा परीक्षेला उभी राहिली होती. इष्टीच्या बाबतीत मात्र वैगुण्य कधी संपत नाही, एक दूर केले की दुसरे सापडते, आणि वचनावर दोष येण्याची पाळी जन्मात येत नाही. अपयशाचे कारण साधनात शोधण्याची मुभा सर्वांना आहे. पण तिला मुदत हवी.

त्याचा पडताळा आपल्या जवळच्या एका झाडावर पाहता येतो. सातवीण, जिला संस्कृतात सप्तपर्ण म्हणतात, कोकणात आणि गोमंतकात सर्वत्र आढळते. दक्षिणेस तुळुनाडूत आटी अमावास्येला पहाटे उजाडण्यापूर्वी घरचा एकजण या झाडाकडे जातो, लोखंडाचा स्पर्श होऊ न देता दगडाने साल ठेचून काढतो, आणि तिचा कडू रस लसूण-मिऱ्याच्या साहाय्याने घरातील सर्वजण अनशापोटी पितात. वर्षभर रोग जवळ येऊ नये, ही त्यामागची भावना. या सालीची ख्याती सरकारदरबारीही पोहोचली होती. १८६८ च्या हिंदुस्थानच्या औषधकोशात तिचा समावेश झाला, आणि महाग क्विनाइनला पर्याय म्हणून तिच्याकडे आशेने पाहिले गेले. परंतु तिच्यातले मुख्य अल्कलॉइड एकिटामीन वेगळे काढून जंतूंवर तपासले तेव्हा ते निष्प्रभ ठरले, आणि सालीच्या अर्काने उंदरांच्या रक्तातले हिवतापाचे जंतू मारल्याचेही दिसले नाही. आता कोणी म्हणेल की, साल अमावास्येची नव्हती, तिला लोखंड लागले होते. या आक्षेपाची थट्टा करण्याचे कारण नाही. त्याने अमावास्येला दगडाने साल काढून आणावी, दुसऱ्या एखाद्या दिवशी कोयत्याने काढलेली साल तिच्या शेजारी ठेवावी, आणि कोणती कोणती आहे हे मोजणाऱ्याला न सांगता दोन्ही तपासावयास द्याव्या. गे होंगच्या पिळलेल्या रसाला जो न्याय मिळाला तोच सातविणीला मिळालाच पाहिजे. पण तो निकाल मान्य करावयाची तयारी नसेल, तर मात्र तिने जंतू मरतात हे विधान मागे घ्यावे लागेल. व्रत म्हणून ती साल पिण्यास कोणाची हरकत नाही. व्रताचे फळ अदृष्ट आहे आणि सूक्ष्मदर्शकाला त्याची गंधवार्ता नाही. एकच वचन परीक्षेच्या वेळी अदृष्टार्थ आणि जाहिरातीच्या वेळी दृष्टार्थ, असे मात्र चालावयाचे नाही.

गौतमाच्या मूळ युक्तिवादाला खरा धक्का सातविणीच्या अपयशाने बसत नाही, तो चिंगहाओच्या यशाने बसतो. गे होंग हा केवळ वैद्य नव्हता. तो ताओ मताचा साधक होता आणि अमरत्वाचा शोध हे त्याच्या आयुष्याचे ध्येय होते. आपल्या दुसऱ्या ग्रंथात त्याने हिंगूळ आणि सुवर्ण यांच्यापासून सिद्ध केलेल्या रसायनांनी माणूस मरणापलीकडे जातो, असे तितक्याच निष्ठेने सांगितले आहे. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे खनिज. पुढे थांग घराण्यातील एकाहून अधिक सम्राट असल्या रसायनांपायी प्राणाला मुकले, असे इतिहासकार सांगतात. तोच पुरुष, तीच तळमळ, तसाच प्रामाणिकपणा. एका ओळीने लक्षावधी जीव वाचविले आणि दुसरीवर ज्यांनी भिस्त ठेवली ते विषाने मेले. गे होंगची पहिली ओळ दाबून ती शिजलेली निघाली म्हणून त्याचे सारे भांडे ज्याने वाढून घेतले असते, त्याला त्याच पंक्तीत पारा खावा लागला असता. भाताची शिते एकाच विस्तवावर, एकाच वेळी शिजतात, म्हणून एकावरून दुसरे कळते. माणसाची वचने तशी शिजत नाहीत. आप्तत्व हे पुरुषाला सरसकट बहाल केलेली सनद नसून वचनावचनागणिक मिळवावयाचा हक्क आहे. आणि ज्या ओळीचे आपण इतके कौतुक करतो, तीही आपल्याला हवी तितकी पूर्ण नव्हती. आर्टेमिसिनिन पाण्यात फारसे विरघळत नाही, वनस्पतीतले त्याचे प्रमाण जमीन, हवा आणि तोडणीचा हंगाम यांप्रमाणे बदलते, आणि म्हणून या पाल्याचा चहा औषध म्हणून पिण्याला जागतिक आरोग्य संघटनेने पाठिंबा दिलेला नाही. आपल्या जोतिबाला वाहिला जाणारा दवणा याच वनस्पतीच्या वंशातला आहे. म्हणून त्यातही तोच गुण असेल असे कोणी म्हटले, तर तेही अनुमान तपासून होईतो प्रतिज्ञेच्या पलीकडे जात नाही.

ईश्वराने रोगाच्या शेजारीच त्याचे औषध पेरून ठेवले आहे, हा भाविकांचा आणखी एक आवडता समज आहे, आणि तो सांगण्यासाठी सिंकोनाचे उदाहरण फार वेळा दिले गेले आहे. पेरूतील जेझुइट पाद्र्यांनी सतराव्या शतकात ही साल युरोपात नेली, १८२० साली पेल्त्ये आणि काव्हाँतू यांनी तिच्यातून क्विनाइन वेगळे केले, १८६० नंतर निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत तिची लागवड झाली, आणि १८९२ पासून बंगालच्या टपालकचेऱ्यांतून पैशाला एक याप्रमाणे क्विनाइनच्या पुड्या विकल्या जाऊ लागल्या. इतके सगळे खरे. पण हिवतापाच्या जंतूची सर्वांत घातक जात, फॅल्सिपॅरम, आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेत गेली, असे तिच्या आनुवंशिक तपासणीवरून दिसते. म्हणजे अँडीजच्या उतारावर ते झाड युगानुयुगे उभे होते तेव्हा त्या घातक रोगाचा तेथे मागमूसही नव्हता, आणि जेथे आफ्रिकेची बालके त्या रोगाने मरत होती तेथे ते झाड नव्हते. वनस्पती ही कडू द्रव्ये बनविते ती स्वतःसाठी, तिला खाणाऱ्यांपासून आणि कुजविणाऱ्यांपासून बचाव करण्यासाठी. ती माणसाच्या उपयोगी पडतात हा योग आहे, आणि तो योग जुळून येतो की नाही हे एकेक द्रव्य तपासूनच कळते. ईश्वराला यातून वगळावे असे माझे म्हणणे नाही. पण त्याच्या करुणेचा पुरावा म्हणून सिंकोना सादर करणाऱ्याला त्याच दफ्तरातले उरलेले कागदही सादर करावे लागतात.

परीक्षेलाही आपली मर्यादा ओळखता आली पाहिजे. तिचा निर्णय अबाधित नसतो. या शतकाच्या पहिल्या दशकातच कंबोडियाच्या पश्चिम भागात आर्टेमिसिनिनला पूर्वीइतक्या तत्परतेने दाद न देणारे जंतू आढळले, आणि म्हणून ते एकटे न देता दुसऱ्या औषधाच्या जोडीने देण्याचा दंडक आहे. दृष्टार्थ सत्य असे कालाच्या अधीन असते. त्याचा कबुलायतनामा पुन्हा पुन्हा नूतन करून घ्यावा लागतो. शिवाय या प्रत्येक नोंदीमागे मुद्दाम रोग लावलेले मुके प्राणी आहेत, आणि ज्या परंपरेने अहिंसेचा एवढा विचार केला तिला त्यांच्या मरणाचा हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. परंतु हा हिशेब पुरता मांडावयाचा तर परीक्षा न केलेल्या औषधाच्या भरवशावर दगावणारी मुलेही त्यात धरावी लागतील, आणि त्यांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

मग गौतमाच्या युक्तिवादाचे शेवटी काय झाले? वेदाला आयुर्वेदाचा जामीन देण्याचे त्याचे धैर्य मोठे होते, आणि धर्माचे वचन कोठेतरी अनुभवाला भिडले पाहिजे ही त्यामागची प्रेरणा आदरास पात्र आहे. तरीही या एका मुद्द्यावर मीमांसकांचेच बरोबर होते असे मला वाटते: धर्माने असा जामीन स्वीकारू नये. तो स्वीकारला की प्रत्येक काढ्याच्या यशापयशाबरोबर श्रद्धेची पत वर-खाली होऊ लागते, आणि मग श्रद्धा वाचविण्यासाठी काढ्याचे अपयश लपविण्याचा मोह आवरत नाही. आजच्या बहुतेक भांडणांचे मूळ या लपवाछपवीत आहे. ज्याला शास्त्राकडून मुक्ती हवी त्याने तिची साक्ष स्वतःच्या चित्ताच्या शुद्धीत शोधावी, पाल्याच्या गुणात नव्हे. आणि ज्याच्या घरी लेकरू थंडीने कुडकुडत आहे त्याने कोणाही थोर पुरुषाचे नाव ऐकून समाधान मानू नये. त्याने आधी रक्त तपासून घ्यावे, आणि जे औषध दिले जात आहे ते कोणी, कशावर, कशाच्या शेजारी ठेवून तपासले, हे बेधडक विचारावे. हा प्रश्न विचारणारा मनुष्य ऋषींचा अधिक्षेप करीत नाही. ऋषींनी जे वचन दृष्टार्थ म्हणून उच्चारले त्याला तो दृष्टार्थ म्हणूनच वागवितो.